ठसा कुठे छापलाय ते सांगा: आमच्या होस्टिंग कंपनीला खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापक आणि तांत्रिक विभाग,
आमचे सर्व्हर जिच्याकडे आहेत ती होस्टिंग कंपनी

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. तुमची जाहीर फजिती करायची नाही, आणि ओळख पटायला तुम्हाला नावाची गरजही पडणार नाही. नवतपातली (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतली) ती रात्र, दोन वाजून दहा मिनिटांनी थांबलेल्या फाइली आणि पुढच्या दीड दिवसात तुमच्या हेल्पलाइनला अकरा फोन करणारी बाई आठवून पाहा. ती मीच.

तुमच्या दप्तरी ते प्रकरण ‘रिझॉल्व्ह्ड’ आहे. माझ्या लेखी नाही. त्यानंतर तीन ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते.

मी नागपुरात, प्रतापनगरात राहते. घराची पुढची खोली हेच ऑफिस. मी, कामाला दोन पोट्टे आणि उन्हाळाभर जीव तोडून ओरडणारा एक कूलर, एवढाच पसारा. धंतोली आणि रामदासपेठेतल्या तीन पॅथॉलॉजी लॅब आणि एक शाळा यांच्या सर्व्हरचं काम आमच्याकडे होतं. लॅब आता दोनच उरल्या, ते पुढे येईल. लॅबमधल्या संगणकावर तयार झालेले रिपोर्ट दर तासाला एसएफटीपीने (फाइली सुरक्षित पाठवायच्या पद्धतीने) तुमच्याकडच्या सर्व्हरवर चढतात आणि डॉक्टर ते तिथून उघडतात. कुणाची साखर, कुणाची बायोप्सी, कुणाची एचआयव्हीची तपासणी. घरातल्या माणसांपासूनही लपवलेल्या गोष्टी त्या फाइलींत असतात.

त्या रात्री आमची स्क्रिप्ट थांबली ती बिघडली म्हणून नाही. सर्व्हरने दाखवलेली होस्ट की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी की, आमच्याकडे नोंदलेल्या कीशी जुळेना, म्हणून तिने एकही फाइल पुढे जाऊ दिली नाही आणि तो मोठ्या अक्षरांतला इशारा सोडला. समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणी मध्ये बसून काही वाईट उद्योग करत असू शकतो, अशा अर्थाचा.

मी फोन लावला. पलीकडचा मुलगा झोपेतून उठलेला होता, तरी गोड बोलला.

“मॅडम, वॉर्निंग येऊन राहिली का? काही नाही जी, मशीन बदलवली ना आज. ती जुनी लाइन डिलीट मारा अन् येस टाका.”

“नव्या मशीनचा फिंगरप्रिंट सांगा, मग टाकते.”

“तो तर तुमच्या स्क्रीनवरच दिसून राहिला ना जी.”

माझं तुमच्याशी भांडण आहे ते या एका वाक्यावरून.

हे पत्र लॅबवाले वाचतील, शाळेचे मुख्याध्यापकही वाचतील. पुढचे दोन परिच्छेद त्यांच्यासाठी. तुमच्या इंजिनिअरांनी हवं तर गाळावेत. दूरच्या सर्व्हरशी एसएसएचने, म्हणजे कुलूपबंद वाटेने (एसएफटीपीही त्याच वाटेने चालतं), बोलताना ओळख दोघांनीही पटवायची असते. आपण आपली ओळख पासवर्डने किंवा कीने पटवतो, ते सगळ्यांना ठाऊक असतं. सर्व्हरलाही आपली ओळख पटवावी लागते, हे मात्र बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. त्याच्याजवळ एक गुप्त की असते आणि तिची उघड जोडीदारीण. त्या उघड कीचा आटोपशीर सारांश म्हणजे फिंगरप्रिंट, आपण ठसा म्हणू. पहिल्यांदा जोडताना आपला संगणक विचारतो की या सर्व्हरला मी ओळखत नाही, याचा ठसा असा असा आहे, पुढे जाऊ का? आपण हो म्हटलं की ती की ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलीत नोंदवली जाते आणि त्यानंतर दर वेळी तोच सर्व्हर आहे ना, हे संगणक स्वतःच पाहतो. म्हणजे सगळा भार त्या पहिल्या ‘हो’वर. नेमकं तेव्हाच कुणी मध्ये बसला असेल, कॅफेच्या वायफायवर, एखाद्या बिघडवलेल्या राउटरमध्ये किंवा डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) उत्तरं फिरवून, तर आपण त्यालाच ओळखीचा म्हणून नोंदवून ठेवतो. कुलूप तेव्हाही पक्कंच लागतं, फक्त दार चोराच्या घराचं असतं.

महालातल्या आमच्या वाड्यात आईकडे तीस वर्षं एकच दूधवाला यायचा. त्याचे गुडघे गेले तेव्हा तो पुतण्याला घेऊन आला, “उद्यापासून हा येईल बाई” म्हणाला आणि मग थांबला. आईने पुतण्याची काही चौकशी केली नाही. जुन्यानेच ओळख करून दिली होती ना. तुम्ही काय केलंत? रातोरात दूधवाला बदलला, आणि आईने अनोळखी माणसाला दार उघडलं नाही तर आईलाच वेड्यात काढलं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे तुमच्या कुठल्याही सर्व्हरचा ठसा तुम्ही कुठेही छापलेला नाही. खातं उघडल्यावर तुमचं स्वागताचं ईमेल येतं. त्यात आयपी पत्ता असतो, युजरनेम असतं, पासवर्डही असतो (उघडाच, पण तो विषय वेगळा), जीएसटीचं बिल असतं, कुणाला आणलं तर किती सूट मिळेल तेही असतं. ठसा नसतो. खात्याच्या पानावर नाही, मदतीच्या पानावर नाही, बिलावर तर नाहीच. संगणक ग्राहकाला जो प्रश्न विचारतो त्याचं उत्तर जगात फक्त तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही कुणाला देत नाही. मग ग्राहक ‘येस’ टाकणार नाही तर काय करणार?

हा माझा हट्ट नाही. एसएसएचची रचना ज्यात लिहिली आहे तो आरएफसी ४२५१ (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा जाहीर दस्तऐवज) जानेवारी २००६ मध्ये निघाला. पहिल्या वेळी की न तपासता पुढे जाण्याची मुभा त्यात आहे, पण सर्वत्र चालेल अशी कींची व्यवस्था उभी राहीपर्यंतची सोय म्हणून. आणि त्याने मधल्या माणसाचा धोका उरतो, हेही तिथेच स्पष्ट लिहिलंय. ठसा टेलिफोनवरून किंवा दुसऱ्या कुठल्या बाहेरच्या मार्गाने पडताळता येईल, असंही त्यात आहे. बाहेरच्या मार्गाने, हे महत्त्वाचं. ज्या तारेवर संशय आहे तिच्यावरूनच आलेलं उत्तर हे उत्तर होत नाही. तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नाही, त्यात त्याचा काय दोष.

दुसरी तक्रार न सांगता केलेल्या बदलाची. यंत्र जुनं झालं, बदलावं लागलं, मान्य. पण यंत्र बदललं म्हणून होस्ट की बदलायलाच हवी असं थोडंच आहे? जुन्या यंत्रावरच्या त्या मोजक्या फाइली जपून नव्यावर नेल्या असत्या तर आमच्या स्क्रिप्टला काही कळलंही नसतं. की बदलायचीच होती तर दूधवाल्याचा मार्ग ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे एसएसएचसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, २०१५ पासून आहे. सर्व्हरने काही दिवस जुनी आणि नवी अशा दोन्ही की बाळगायच्या. जुनीवर विश्वास ठेवणारा ग्राहक जोडला गेला की सर्व्हर त्याला नवी कळवतो आणि ग्राहकाचा संगणक ती नोंदवून घेतो. २०२१ च्या ८.५ आवृत्तीपासून ही सोय ग्राहकाच्या बाजूला मुळातच चालू असते. तुमच्याकडून यातलं काही झालं नाही. एक ओळीचा मेसेजही नाही. दिवाळीच्या शुभेच्छा मात्र तुमच्याकडून दरवर्षी न चुकता येतात.

तिसरी. सकाळी तुमच्याकडून एका दुसऱ्या मुलाने व्हॉट्सअॅपवर मला ठसा पाठवला. मी खूश झाले. मग सहज विचारलं, हा कुठून काढला? “मी पण घरून कनेक्ट करून पाहिलं जी, सेमच येऊन राहिला.” म्हणजे त्याने त्याच्या घरून तेच दार ठोठावलं आणि आतून कोण बोललं ते मला सांगितलं. याने काहीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. गडबड माझ्याच राउटरमध्ये असती तर त्याला वेगळा ठसा दिसला असता. पण मधला माणूस सर्व्हरच्या जवळ बसला असेल तर प्रतापनगरातून आणि मनीषनगरातून एकच खोटं दिसणार. ठसा सर्व्हरच्या कन्सोलवर, म्हणजे थेट त्या यंत्रासमोर बसून, फाइलीतून काढायचा असतो. आमची योजना तुम्हीच सांभाळायची, रूट (सर्व्हरचे सगळे अधिकार) तुमच्याकडे, कन्सोल तुमच्याकडे. माझ्या हातात असतं तर रात्री अडीचलाच मी ते करून मोकळी झाले असते.

शेवटी कन्सोलवर बसलं कोण, तर तुमच्याकडचे एक ज्येष्ठ इंजिनिअर. माझ्या अकराव्या फोननंतर, पहिल्या फोनला ३१ तास उलटल्यावर. त्यांचे मी इथे जाहीर आभार मानते. आम्ही दोघांनी फोनवर एकेक अक्षर वाचलं. एसएचए-२५६ या हल्लीच्या पद्धतीचा ठसा ४३ अक्षरांचा असतो आणि त्यात लहान-मोठी लिपी वेगळी मोजली जाते. “मोठा क्यू, लहान एक्स, सात, अधिक चिन्ह, मोठा बी…” चार मिनिटं लागली. मधे एकदा त्यांनी “पहिली चार जुळली ना, चालते” असं म्हणून पाहिलं, पण माझ्या गप्प बसण्यावरून समजले. पहिली चार अक्षरं जुळणारी की बनवायला सरासरी एक कोटी अडुसष्ट लाखांच्या आसपास प्रयत्न लागतात. आकडा मोठा वाटतो, संगणकाला ते काही मिनिटांचं काम आहे. एक-दोन अक्षरं आणखी वाढवली तरी चिकाटीच्या माणसाला ते जमतं. पूर्ण ठसा पाहायचा असतो.

आणि इतकं वाचत कोण बसणार, ही सबबही आता जुनी झाली. २०१९ च्या ८.० आवृत्तीपासून त्या प्रश्नाला ‘येस’ऐवजी ठसाच पेस्ट करता येतो. जुळला तर संगणक पुढे जातो, नाही तर पुन्हा विचारतो. डोळे फोडायची गरज नाही. पण पेस्ट करायला तो आधी कुठेतरी छापलेला हवा ना! पुन्हा पहिल्याच तक्रारीवर आलो.

त्या ३१ तासांत काय झालं ते तुमच्या नोंदीत नसेल. एका लॅबमधून सकाळी नऊपासून फोन सुरू झाले, “मॅडम, डॉक्टर विचारून राहिले, रिपोर्ट काहून नाही आले?” आमच्यातला एक पोट्टा पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात दुचाकीवर पेन ड्राइव्ह घेऊन धंतोलीभर फिरला. तिसऱ्या लॅबच्या मालकांनी संध्याकाळी शांतपणे सांगितलं की पुढच्या महिन्यापासून त्यांचं काम दुसऱ्याकडे जाईल. तो दुसरा ‘येस’ टाकतो. त्यांचा मला राग नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर सर्व्हर चालू होता आणि मीच अडून बसले होते.

“मग जुळला ना शेवटी?” असं तुमच्या विक्री विभागातल्या बाई मला नंतर म्हणाल्या. हो, जुळला. कुणी मध्ये बसलेलं नव्हतं. खरं तर असे इशारे बहुतेक वेळा असेच निघतात. कुणीतरी यंत्र बदललेलं असतं, प्रणाली नव्याने टाकलेली असते आणि सांगायचं राहून गेलेलं असतं. म्हणूनच तर लोक इशारा वाचेनासे झाले. शंभरदा लांडगा आला म्हणून ओरडणारा मुलगा इथे संगणक नाही, तुम्ही आहात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. तुम्हाला, ही घटना आहे की नाही, एवढं ठरवायलाच ३१ तास लागले.

तुमच्याच एका इंजिनिअरने मला ऐकवलेला दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. “तुम्ही तर पासवर्ड वापरत नाही मॅडम, की वापरता. मधला माणूस तुमची सही पुढे खऱ्या सर्व्हरला दाखवू शकत नाही. मग भीती कशाची?” अर्धं बरोबर आहे. कीने दिलेली सही त्या एका जोडणीपुरती बांधलेली असते, ती उचलून दुसरीकडे वापरता येत नाही. पण मधल्या माणसाला खऱ्या सर्व्हरपर्यंत जायचंच कशाला? तो स्वतःच सर्व्हर असल्याचं सोंग करेल, माझी कुठलीही सही ‘बरोबर’ म्हणून स्वीकारेल आणि मी चढवलेल्या फाइली आनंदाने घेत राहील. आमचं काम फाइली चढवण्याचंच आहे. शिवाय तुमचे निम्मे ग्राहक अजून फाइलझिला या फाइली चढवायच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड साठवून बसले असतील, आणि ‘या होस्टवर नेहमी विश्वास ठेवा’ या चौकोनात डोळे मिटून टिक करत असतील. त्यांचा पासवर्ड तर सरळ त्या माणसाच्या हातात पडतो.

चौथी तक्रार तुमच्या मदतीच्या पानाची. बॅकअपसाठी तिथे जी तयार स्क्रिप्ट दिली आहे तिच्यात ‘स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग’ला ‘नो’ आहे आणि नोन होस्ट्सची फाइल म्हणून, लिहिलेलं काहीच टिकत नाही असं, रिकामं भगदाड दाखवलंय. या दोन ओळी एकत्र आल्या की संगणकाला प्रत्येक वेळ पहिलीच वेळ वाटते आणि प्रत्येक वेळी तो न विचारता हो म्हणतो. विचारपूस नको असेल तर २०१७ पासून ‘अॅक्सेप्ट न्यू’ हा पर्याय आहे. अनोळखी की तो नोंदवून घेतो, पण नोंदवलेली बदलली तर अडतो. आदर्श नाही, तरी तुमच्या दोन ओळींपेक्षा कितीतरी बरा. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं तुमच्या पानावरूनच नक्कल करून आणतात. मी खोडते, पुढच्या बॅचची मुलं पुन्हा तेच आणतात.

आता पाचवी. ती लिहिताना मला अजूनही घाम फुटतो, आणि कूलर चालू आहे.

त्या रात्रीनंतर महिनाभराने शाळेसाठी तुमच्याकडून नवा सर्व्हर घेतला, स्वस्तातल्या योजनेतला, रूट ग्राहकाकडे असतो तो. पहिल्यांदा जोडला तेव्हा संगणकाने नेहमीच्या प्रश्नाआधी एक ओळ जास्तीची दाखवली, की ही की तुमच्याकडे आधीच दुसऱ्या एका नावाने नोंदलेली आहे. ते दुसरं नाव होतं लॅबच्या सर्व्हरचं. फोनवर चार मिनिटं घालवून, एकेक अक्षर मोजून घेतलेला तोच ठसा. तुम्ही एक सर्व्हर तयार करून त्याचा साचा केलात आणि नवे सर्व्हर त्यातून पाडलेत. होस्ट कीच्या फाइली साच्यातच राहिल्या. म्हणजे लॅबच्या सर्व्हरची गुप्त की शाळेच्या सर्व्हरवर पडलेली होती आणि मी ती उघडून वाचू शकत होते. मी वाचू शकते तर त्या साच्यातून निघालेला सर्व्हर महिनाभरासाठी भाड्याने घेणारा कुणीही वाचू शकतो, आणि लॅबच्या सर्व्हरचं असं हुबेहूब सोंग काढू शकतो की कितीही ठसे जुळवले तरी फरक दिसणार नाही.

ज्या ठशासाठी मी एक गिऱ्हाईक गमावलं, तो कितीजणांचा सामायिक होता कुणास ठाऊक. मी त्याच दिवशी लेखी कळवलं. दुसऱ्या दिवशी तिकीट बंद. शाळेच्या आणि लॅबच्या सर्व्हरवर नव्या की आल्या, ठसा या वेळी मला कन्सोलवरूनच मिळाला. पण बाकीच्या सर्व्हरांचं काय, आणि साचा दुरुस्त झाला का, या प्रश्नांवर तुम्ही अजून गप्प आहात. त्या ग्राहकांना कळवलंत का?

चुका सगळ्यांच्या हातून होतात, त्या कशा निस्तरायच्या याचीही उदाहरणं आहेत. मार्च २०२३ मध्ये गिटहबची, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या जागतिक साइटची, आरएसए प्रकारची गुप्त होस्ट की थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) उघडी पडली. गिटहबने २४ मार्चला, आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजत असताना, की बदलली, काय झालं ते जाहीर लिहिलं आणि नवा ठसा सगळ्यांना दिसेल असा छापला. जगभर लोकांना तोच ठळक इशारा दिसला, कामं अडली, शिव्याही पडल्या असतील. पण ज्याला पडताळायचं होतं त्याला पडताळता आलं. गिटहबएवढी माणसं तुमच्याकडे नाहीत, माहीत आहे. एक पान छापायला तितकी लागत नाहीत.

आणि माणसंच मोजायची तर माझी पहिली नोकरी आठवते. २००८, सदरमधलं चार खुर्च्यांचं ऑफिस. १३ मे रोजी डेबियनने (लिनक्सची एक प्रणाली बनवणाऱ्यांनी) जाहीर केलं की २००६ पासूनच्या त्यांच्या ओपनएसएसएलमध्ये (की बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) यादृच्छिक आकडे काढणारा भाग कमकुवत झाला होता. एका प्रकारच्या यंत्रावर एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या की फक्त ३२,७६७ निघू शकत होत्या. कुणीही सगळ्या करून ठेवाव्यात इतक्या थोड्या. होस्ट की सरसकट बदलाव्या लागल्या. आमच्या साहेबांनी मला दोन दिवस बसवलं, प्रत्येक सर्व्हरवर नवी की करून घेतली आणि नवे ठसे कागदावर छापले. तेव्हा ठसा सोळा जोड्यांचा असायचा, मधे दुहेरी टिंबं, फोनवर वाचायला सोपा. एक प्रत गोदरेजच्या कपाटावर चिकटवली, एकेक प्रत प्रत्येक ग्राहकाच्या हातात, सही घेऊन. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने विचारलं होतं, “हे काय, जन्मपत्रिका आहे का सर्व्हरची?” साहेब म्हणाले, तसंच समजा. तो कागद त्या माणसाने गल्ल्याखाली ठेवला. चार खुर्च्यांच्या ऑफिसला जमलं ते.

आता मागण्या. जास्त नाहीत.

प्रत्येक ग्राहकाच्या खात्याच्या पानावर त्याच्या सर्व्हरचे ठसे छापा, प्रत्येक प्रकारच्या कीचा वेगळा. ते पान एचटीटीपीएसवर असतंच, म्हणजे मार्ग वेगळा झाला. स्वागताच्या ईमेलमध्ये आणि बिलावरही द्या. उद्या सुरू केलं तरी पैसा लागत नाही.

की बदलण्याआधी किमान सात दिवस लेखी कळवा, नव्या ठशासकट, आणि शक्य तिथे जुनी-नवी जोडीने चालवा. तातडीने बदलावी लागली तर कारणासह त्याच दिवशी.

साचा साफ करा. नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याने स्वतःच्या की स्वतः बनवायला हव्यात. ज्यांच्या सर्व्हरवर सामायिक की गेली त्या सगळ्यांना नावानिशी कळवा आणि बदलून द्या. ही मागणी मी मागे घेणार नाही. बाकीच्यांबद्दल बोलता येईल.

मदतीच्या पानावरच्या त्या दोन ओळी काढा.

हेल्पलाइनवर रात्री बसणाऱ्या मुलाला एवढं शिकवा की ठसा विचारला तर कन्सोलवरून किंवा तुमच्या अधिकृत यादीतून सांगायचा, आणि तशी यादी त्याच्यासमोर ठेवा. ‘येस टाका जी’ हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं तर त्याचंच काम हलकं होईल.

तुम्हाला याहून नीट करायचं असेल, आणि इतके सर्व्हर असलेल्या कंपनीने करायला हवं, तर होस्ट सर्टिफिकेट घ्या. ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहेत. कंपनीची एक की प्रत्येक सर्व्हरच्या कीवर सही करते, ग्राहक फक्त त्या एका कीची ओळ नोंदवतो, आणि मग यंत्रं कितीही बदला, आम्हाला झोपेतून उठवायची वेळ येणार नाही. डीएनएसमध्ये ठसे ठेवायचीही पद्धत आहे, पण तिला डीएनएससेकची, म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी असल्याची, सही हवी. ते आधी लावा, मग बोलू.

उत्तराची वाट मी तान्ह्या पोळ्यापर्यंत पाहीन. त्या दिवशी मारबत निघते, इडापिडा गावाबाहेर घेऊन जाणारा पुतळा. ‘न बघता येस टाकायची सवय घेऊन जा गे मारबत’ असं ओरडायला आमचे दोन्ही पोट्टे आत्तापासून तयार आहेत. उत्तर आलं नाही तर शाळा आणि उरलेल्या दोन लॅब यांचे सर्व्हर मी दुसरीकडे हलवीन, आणि हलवताना नवे ठसे छापून प्रत्येकाच्या हातात देईन, सही घेऊन.

आलं तर मात्र आधी ठशांचा कागद पाठवा. कपाटावर जागा केली आहे.

कळावे,
आपली अकरा फोनवाली ग्राहक
प्रतापनगर, नागपूर